दिल्लीसाठीची तीन धरणं, आणि घोडं कुठे अडलं

जून २०२४ मध्ये दिल्लीत टँकरमागे पाइप घेऊन पळणाऱ्या लोकांचे व्हिडिओ फिरत होते ना, तेव्हाच सुप्रीम कोर्टात एक भलताच प्रकार चालू होता. हिमाचल आधी म्हणालं आमच्याकडे १३७ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी जास्तीचं आहे, कोर्ट म्हणालं सोडा, हरियाणाला सांगितलं वाट द्या, आणि आठवड्याभरात हिमाचल परत येऊन म्हणतंय की नाही हो, जास्तीचं काही नाहीये. मग कोर्टाने सगळ्यांना अप्पर यमुना रिव्हर बोर्डाकडे, म्हणजे राज्यांमधलं यमुनेचं पाणीवाटप बघणाऱ्या मंडळाकडे, पिटाळलं. पण उन्हाळ्यात पाणी सोडायचं तर ते वर कुठेतरी अडवून ठेवलेलं पाहिजे, आणि जिथे अडवायचं ती धरणं कित्येक दशकं भिजत पडलीत.

धरणं तीन. यमुनेवर उत्तराखंडात लखवार, आणि यमुनेच्या दोन उपनद्यांवर बाकीची दोन: गिरीवर हिमाचलात रेणुकाजी, टोन्सवर या दोन राज्यांच्या सीमेवर किशाऊ. यातलं लखवार सगळ्यात जुनं दुखणं. १९७६ ला प्लॅनिंग कमिशनची मंजुरी, १९८७ ला काम सुरू, २०४ मीटर उंच भिंत आणि ३०० मेगावॅट वीज असा प्लॅन, आणि १९९२ ला पैसे संपले म्हणून काम बंद. तेव्हा हे सगळं उत्तर प्रदेशात होतं, उत्तराखंड नावाचं राज्यच नव्हतं. तीसेक टक्के काम झालं होतं म्हणतात, ते तसंच उन्हापावसात पडून राहिलं.

मधे १२ मे १९९४ ला पाणीवाटपाचा करार झाला. हरियाणा, यूपी, राजस्थान, हिमाचल आणि दिल्ली. वर्षाचं जवळपास १२ अब्ज घनमीटर पाणी वाटून घेतलं, त्यात हरियाणाला ५.७३ आणि दिल्लीला ०.७२४. कागदावर बरा करार होता, पण त्यात एक पाचर होती. वर जी धरणं होतील त्या प्रत्येकासाठी वेगळा करार करायचा, म्हणजे प्रत्येक धरणामागे सगळ्या राज्यांच्या सह्या. २००० ला उत्तराखंड वेगळं झालं आणि सह्या करणारे पाचाचे सहा झाले.

आता खरी गोम. धरण एकच असलं तरी हिशोबात त्याचे दोन तुकडे पडतात, पाण्याचा आणि विजेचा. पाणी खाली दिल्ली-हरियाणाला जाणार, बुडीत क्षेत्र सगळं वर डोंगरात, आणि वीज डोंगरी राज्याची. फेब्रुवारी २००८ ला केंद्राने १४ प्रकल्प 'राष्ट्रीय' म्हणून जाहीर केले त्यात ही तिन्ही आहेत (आपलं गोसीखुर्द धरणही त्याच यादीत, त्याचा खर्च ३७२ कोटींवरून कुठे गेला ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको). त्यानंतर पाण्याच्या भागाचे ९० टक्के केंद्र देणार असं ठरलं, पण विजेच्या भागाचे पैसे ज्याची वीज त्याने घालायचे. डोंगरी राज्य म्हणणार, जंगल आमचं, गावं आमची बुडणार आणि वर कर्जही आम्हीच काढायचं का? मला तरी यात त्यांचं फारसं चुकतंय असं वाटत नाही.

त्यात वीज आणि पाणी यांचं आपसात जमत नाही हेही आहेच. टर्बाइनला पाणी संध्याकाळी हवं, जेव्हा मागणी चढते आणि रेट मिळतो. शहराला मात्र चोवीस तास सारखं पाणी पाहिजे. म्हणून लखवारच्या खाली कटापत्थरला एक बॅरेज धरलाय, वरून झटक्याने येणारं पाणी तिथे थोपवून खाली हळूहळू सोडायला. म्हणजे एक धरण नीट चालायला खाली अजून एक बांध, अजून खर्च. आणि यमुनेचं ८० टक्के पाणी पावसाळ्यातच वाहून जातं, त्यामुळे साठवल्याशिवाय गत्यंतर नाही.

रेणुकाजीत वीज फक्त ४० मेगावॅट, धरण मुळात दिल्लीच्या पाण्यासाठी, सेकंदाला २३ घनमीटर. म्हणून तिथे विजेच्या खर्चाचे ९० टक्के दिल्लीनेच द्यायचं कबूल केलं आणि गाडी हलली. २८ ऑगस्ट २०१८ ला लखवारवर सहा राज्यांच्या सह्या झाल्या, तेव्हा केंद्राचं जलसंपदा खातं गडकरींकडे होतं, जानेवारी २०१९ ला रेणुकाजीवर. डिसेंबर २०२१ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने मंडी आणि हल्द्वानीतून पंतप्रधानांनी दोन्हींचं भूमिपूजन केलं. किंमत रेणुकाजी सुमारे ७,००० कोटी, लखवार ५,७४७ कोटी, तीही २०१८ च्या दराने, म्हणजे आपल्याकडे ज्याला सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता, थोडक्यात वाढीव खर्चाला मंजुरी) म्हणतात ती पुढे येणारच.

किशाऊ अजून तिथेच. तिघांत सगळ्यात मोठं, २३६ मीटर उंच, ६६० मेगावॅट, त्यामुळे विजेचा खर्चही सगळ्यात मोठा. हिमाचलचं म्हणणं, पाण्याला ९० टक्के देता तसे विजेलाही द्या. मीटिंगा होतात, चहापाणी होतं, पुढची तारीख ठरते.

या सगळ्यात पूर्ण झालं ते फक्त या तिघांबाहेरचं, व्यासी नावाचं धरण. लखवारच्या खालीच, १२० मेगावॅट, नदीच्या वाहत्या पाण्यावर चालणारं. मोठा साठा नाही, त्यामुळे वाटण्या नाहीत, एकट्या उत्तराखंडचं काम, कुणाच्या सहीची वाट बघायला लागली नाही. त्यात देहरादून जिल्ह्यातलं लोहारी गाव गेलं. भूसंपादन कित्येक दशकं आधीचं, लोक जमिनीला जमीन मागत बसलेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये ४८ तासांची नोटीस आली. लोकांनी दारं-खिडक्या, छपराची लाकडं काढून जमेल तेवढं वर नेलं, काही जण वरच्या शाळेच्या इमारतीत राहिले. जलाशयातलं पाणी उतरलं की घरांच्या भिंती परत दिसायला लागतात.