पान उड्या मारून राहिलं? आधी रुमाल टाका

नमस्कार मंडळी. आमच्याकडून वेबसाइट करून घेतलेले दुकानदार, क्लासवाले, डॉक्टर, मंगल कार्यालयवाले अशा सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. लिहायचं कारण म्हणजे फोनवर तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात ऐकू येऊन राहिलं, "भाऊ, साइट उघडली की पान उड्या मारून राहिलं, काहीतरी करा ना." दरवेळी फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढू.

होतं काय, ग्राहक संत्रा बर्फीचा भाव पाहत असतो, नजर बरोबर अर्ध्या किलोच्या ओळीवर असते आणि वर कुठला तरी फोटो उशिरा उगवतो न् भाव गेला खाली. तो पुन्हा शोधतो, "फोन करा"वर बोट टेकवायला जातो तर तेवढ्यात मध्ये जाहिरात घुसते आणि बोट पडतं जाहिरातीवर. असा माणूस तुम्हाला तक्रार करायला फोन करत नाही, तो गुपचूप मागे जातो आणि दुसऱ्याची साइट उघडतो.

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर दिवाळीच्या गर्दीत एसटी लागली की आपण काय करतो? खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. माणूस नंतर चढतो, पण जागा धरलेली असते म्हणून कोणाला उठवावं लागत नाही. वेबपानाचं अगदी हेच आहे. ब्राउझरकडे आधी मजकूर येतो, तो लगेच मांडला जातो, मग मागून एकेक करत फोटो, जाहिराती, रिव्ह्यू, नकाशा, इन्स्टाग्रामचा डबा असं सगळं येत राहतं. येणारी वस्तू किती उंच आहे हे आधी सांगितलं नसेल तर ब्राउझर तिच्यासाठी शून्य जागा धरतो, आणि ती आली की खालच्या सगळ्यांना "सरका बाप्पा" म्हणत ढकलतो. बस, रोग एवढाच आहे, पुढचं सगळं वाचलं नाही तरी इतकं लक्षात राहू द्या.

तुम्हाला स्वतःला हे दिसत नाही त्याचं कारणही साधं आहे. दुकानात वायफाय आहे, साइट तुम्ही शंभरदा उघडलेली आहे, फोटो फोनमध्ये साठून आहेत, सगळं एका झटक्यात येतं. इतवारीच्या गल्लीत नाहीतर एखाद्या बेसमेंटमध्ये उभं राहून, वायफाय बंद करून, इन्कॉग्निटोत (म्हणजे आधी साठवलेलं काही न वापरणाऱ्या खाजगी खिडकीत) उघडून पाहा, मग कळेल गिऱ्हाईक काय भोगून राहिलं ते.

आता काही जण म्हणतात, माझ्या फोनवर बरं चालतं, बायकोच्या आयफोनवरच उडतं. खरं असू शकतं. क्रोमने २०१७ मध्ये ५६ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये ६६ व्या आवृत्तीपासून एक सोय दिली, स्क्रोल अँकरिंग म्हणतात तिला. तुम्ही वाचत असलेला परिच्छेद ब्राउझर खुंटीसारखा धरून ठेवतो, वर काही उगवलं तर तेवढंच स्क्रोल गुपचूप पुढे करतो, म्हणून तुमच्या डोळ्यासमोरची ओळ हलत नाही. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरमध्ये ही सोय बरीच वर्षं नव्हती. आणि जिथे आहे तिथेही तिच्यावर विसंबून राहू नका, कारण पान अगदी वरच्या टोकाला असेल, म्हणजे अजून स्क्रोलच केलं नसेल, तर ती काम करत नाही, आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त उड्या पडतात. एका ग्राहकाच्या जुन्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, तर कोणीतरी ओव्हरफ्लो-अँकर नन लिहून ही सोयच बंद करून ठेवली होती, का ते देव जाणे, आम्ही ती एक ओळ काढली आणि निम्मी तक्रार मिटली.

फोटोंचं सांगतो, कारण दहातली बहुतेक कामं इथेच निघतात. प्रत्येक फोटोच्या कोडमध्ये त्याची रुंदी आणि उंची लिहायची, विड्थ आणि हाइट, झालं. पूर्वी लोक म्हणायचे की मोबाइलसाठी साइट करायची तर हे आकडे काढून टाका, आम्हीही काढत होतो. पण २०१९ च्या शेवटी क्रोम ७९ आणि फायरफॉक्स ७१ आले, तेव्हापासून ब्राउझर या दोन आकड्यांवरून गुणोत्तर काढतो आणि फोटो यायच्या आधीच जागा धरतो. समजा फोटो १२०० बाय ८०० चा आहे आणि मोबाइलचा पडदा ३६० पिक्सेल रुंद, तर ब्राउझर २४० पिक्सेल उंचीचा रुमाल टाकून मोकळा होतो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, हाइट ऑटो ठेवायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर चेहरे ताणलेले दिसतात आणि मग डॉक्टरसाहेबांचा वेगळा फोन येतो.

लेझी लोडिंग, म्हणजे फोटो दिसायची वेळ आली की मगच आणायचा, चांगली गोष्ट आहे, डेटा वाचतो. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून हे आपोआप लागतं, तेही फक्त रुंदी-उंची लिहिलेल्या फोटोंनाच, यातच काय ते समजा. आकडे न लिहिता कोणी हाताने लेझी लावलं तर तुम्ही जसजसे खाली जाता तसतसा एकेक फोटो ऐनवेळी फुगतो न् पान तुमच्याशी लपाछपी खेळतं. आणि सगळ्यात वरचा मोठा बॅनर कधीच लेझी ठेवायचा नाही.

व्हिडिओच्या चौकटीला १६ बाय ९ चं गुणोत्तर द्यायचं, नकाशाला ठरावीक उंची द्यायची, विषय संपला.

जाहिरातींवर मात्र दरवेळी वाद होतो. जाहिरातीच्या जागेला आम्ही किमान उंची देऊन ठेवतो, मिन-हाइट, समजा २५० पिक्सेल. कधी जाहिरात येतच नाही, तेव्हा तिथे रिकामा पांढरा चौकोन दिसतो आणि मालक म्हणतात, "हे भकास काय दिसून राहिलं, काढा ते." काढू नका. तो चौकोन मिटवला की खालचं सगळं वर उडी मारतं, तीही उडीच. फार वाटत असेल तर मागे हलका रंग देऊ, तुमच्या दुकानाचं नाव फिकट करून टाकू, पण जागा राहू द्या. तसंच दिवाळी ऑफर, पोळ्याची सूट असल्या पट्ट्या उशिरा येऊन पानाच्या माथ्यावर बसतात आणि अख्खं पान खाली ढकलतात. अशा पट्ट्या आम्ही खाली तळाला, मजकुरावर तरंगत्या ठेवतो, त्यानं काहीच ढकललं जात नाही.

मराठी साइटवाल्यांसाठी अजून एक भानगड, इंग्रजी साइटवाल्यांना ती एवढी सतावत नाही, ती म्हणजे फॉन्ट. पान उघडल्यावर आधी फोनमधला देवनागरी फॉन्ट दिसतो आणि नंतर तुम्ही निवडलेला 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' नावाचा फॉन्ट डाउनलोड होऊन येतो. दोघांची अक्षरांची रुंदी वेगळी, वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना लागणारी जागा वेगळी, म्हणून आठ ओळींचा परिच्छेद नऊ ओळींचा होतो आणि खालचं सगळं एक ओळ घसरतं. त्यात जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा मोठी, म्हणजे येतेही उशिरा. यावर उपाय असा की ओळींमधलं अंतर आपण आकड्यात ठरवून द्यायचं, तात्पुरत्या फॉन्टचा आकार साइज-ॲडजस्टने खऱ्या फॉन्टच्या जवळ आणायचा, आणि पातळ-जाड-अतिजाड असे पाच प्रकार न घेता दोनच घ्यायचे. पाच जाडीचा हट्ट धरणाऱ्या ग्राहकांना आम्ही आता सरळ नाही म्हणतो, राग मानू नका.

आता थोडं आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. तुम्ही व्हॉट्सॲपवर लिंक पाठवता, ती दाबली की थेट दरपत्रकापाशी जायला हवी. जाते, पण मग वरचे फोटो येतात आणि दरपत्रक खाली निघून जातं, माणूस मधेच कुठेतरी लटकतो. सुरुवातीच्या साइटींमध्ये आम्ही काय केलं, तर दोन सेकंद थांबून पुन्हा दरपत्रकावर उडी मारायचा कोड टाकला. ऑफिसात मस्त चालला. गिऱ्हाइकाकडे मात्र दोन सेकंदांत तो वाचत वाचत पुढे गेलेला असायचा, आणि आमचा कोड त्याला कॉलर धरून मागे आणायचा, आणि नेट स्लो असलं तर दोन सेकंदही कमीच पडायचे, म्हणजे दोन्हीकडून बोंब. तो कोड आम्ही सापडेल तिथून काढून राहिलो. आता आधी जागा धरतो, आणि उंची खरंच कळण्यासारखी नसेल तर वरचं सगळं आलं की एकदाच सरकवतो, तेही माणसाने तोवर पडद्याला बोट लावलं नसेल तरच. वरची चिकटलेली मेनूपट्टी मथळा झाकते, ते स्क्रोल-मार्जिन-टॉपने, म्हणजे मथळ्याच्या वर जागा सोडायच्या सूचनेने, सुटतं, पाच मिनिटांचं काम आहे.

साडीवाल्यांची तक्रार वेगळी. ताई "आणखी दाखवा" दाबत दाबत ऐंशी साड्या खाली जातात, एक उघडतात, मागे येतात आणि पुन्हा पहिल्या साडीवर! ब्राउझरला आठवतं की त्या ४२०० पिक्सेल खाली होत्या, पण परत आल्यावर यादी पुन्हा शून्यापासून भरत असते, त्या घडीला पान जेमतेम ९०० पिक्सेलचं असतं, मग नेणार कुठे? यासाठी वेबपत्त्यातच (लिंकमध्येच) पानाचा क्रमांक ठेवतो, आलेली यादी साठवून ठेवतो, आणि ब्राउझरची आपोआप जुन्या जागी न्यायची सवय बंद करून (हिस्ट्रीचं स्क्रोल-रिस्टोरेशन मॅन्युअल करून) यादी भरल्यावर जागा आम्ही स्वतः लावतो. त्याहून सोपं म्हणजे ब्राउझर अख्खं पान जसंच्या तसं गोठवून ठेवतो आणि मागे आलात की तेच देतो. पण साइटवर जुन्या ट्रॅकिंग कोडचा अनलोड हँडलर, म्हणजे पान सोडताना चालणारा तुकडा, पडून असला तर संगणकावरचे काही ब्राउझर पान गोठवतच नाहीत. म्हणून कोणी सांगितलेला कोड विचारल्याशिवाय टाकू नका, हात जोडून विनंती.

मोजमापाचं थोडक्यात. गुगलने मे २०२० मध्ये सीएलएस नावाचं, पान किती उड्या मारतं ते मोजणारं माप जाहीर केलं आणि जून २०२१ पासून ते सर्चच्या क्रमवारीत थोडंफार धरायला लागले. ०.१ पर्यंत चांगलं, ०.२५ च्या वर वाईट. गणित असं, पडद्याचा ६० टक्के भाग व्यापणारा मजकूर पडद्याच्या २० टक्के इतका खाली सरकला तर दोन्ही वेळचा मिळून ८० टक्के भाग हलला, मग ०.८ गुणिले ०.२, म्हणजे ०.१६, एकाच उडीत 'चांगलं'च्या बाहेर. ग्राहकाने काही दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत जे हलतं ते मात्र मोजत नाहीत, कारण ते त्यानेच मागितलेलं असतं.

पेजस्पीडवर, म्हणजे गुगलच्या साइट तपासायच्या साधनावर, हिरवा आकडा आला म्हणून खूश होऊ नका, तिथली प्रयोगशाळेतली चाचणी पान उघडून वरचंच पाहते, खाली स्क्रोल करत नाही, त्यामुळे मधल्या उड्या तिला दिसतच नाहीत. त्याच अहवालात खऱ्या लोकांचा आकडा असेल तर तो पाहा, तो मागच्या २८ दिवसांचा असतो. म्हणून आज दुरुस्ती केली न् उद्या सकाळी "आकडा तोच आहे भाऊ" असा फोन करू नका, महिनाभर दम धरा.

तुमच्या साइटवर हे होत असेल तर फोनची स्क्रीन रेकॉर्ड करून तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाका, सोबत पानाची लिंक, फोन अँड्रॉइड की आयफोन, आणि नेट वायफाय होतं की मोबाइल डेटा एवढं लिहा. "साइट खराब आहे" एवढाच मेसेज आला तर आम्हाला काहीच कळत नाही. वार्षिक मेंटेनन्समध्ये असाल तर याचे वेगळे पैसे नाहीत, नसाल तर आधी पाहून सांगू. रविवारी ऑफिस बंद असतं, व्हिडिओ मात्र कधीही पाठवा.