रंगीत पानांची झाडं घरी नेताना

नर्सरीत आल्यावर बहुतेक जण आधी रंगावर बोट ठेवतात. ‘ते लाल पानांचं द्या’, ‘ते जांभळं किती छान दिसतंय’. आमचा पहिला प्रश्न मात्र दरवेळी तोच असतो: ठेवणार कुठे? तिथे ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? रविवारच्या गर्दीत या चौकशीला वेळ लागतो, मागे उभे असलेले चुळबुळतात. पण झाडाचा रंग टिकणार की दोन महिन्यांत उतरणार, हे या एका उत्तरावर ठरतं. घरी गेल्यावरही हे सगळं हाताशी असावं म्हणून हा कागद रोपाबरोबर देत आहोत.

ऊन आधी, रंग मग

क्रोटन हे उन्हाचं झाड. इंडोनेशिया, मलेशियापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ते आपोआप वाढतं, आणि कोकणात, गोव्यात तर ते इतकं रमलंय की कित्येक जुन्या घरांच्या कुंपणाला तेच दिसेल. दिवसाला चार-पाच तास ऊन मिळालं की पिवळा, केशरी, लाल असे सगळे रंग त्याच्या पानावर उमटतात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलंत तर ते लगेच मरणार नाही, पण नवं येणारं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा हिरवं असेल. कमी उजेडात पोट भरायचं तर हरितद्रव्य वाढवावं लागतं, झाड तेच करतं. जागा अगदीच कमी उन्हाची असेल आणि क्रोटनच हवं असेल, तर पिवळ्या ठिपक्यांचं ‘गोल्ड डस्ट’ न्या. ‘पेट्रा’ किंवा पिळदार पानांचं ‘मॅमी’ तिथे नेऊ नका, आम्हीही आग्रह करणार नाही.

पेट्राबद्दल अजून एक. याची कोवळी पानं हिरवी-पिवळीच येतात, लाल-केशरी होतात ती जून झाल्यावर. ‘रंग गेला’ म्हणून दर महिन्याला कुणीतरी फोटो पाठवतं. शेंड्याकडे नका बघू, खालची पानं बघा. ती रंगीत असतील तर झाड ठीक आहे.

उन्हातली दुसरी खात्रीची झाडं म्हणजे तांबड्या पानांचं अकॅलिफा, जे क्रोटनसारखंच एरंडाच्या कुळातलं, आणि मेक्सिकोतून आलेलं जांभळं ट्रेडेस्कँशिया. पहिल्यांदा बाग करणाऱ्याला आम्ही हे जांभळं झाड देतो. वितीएवढा तुकडा मातीत खोचला तरी जगतो, गच्चीवरचं एप्रिल-मेचं ऊन सोसतो आणि उन्हातच जास्त गडद होतो. त्याचाच भाऊ रिओ, वरून हिरवा आणि पानाखालून जांभळा, अर्ध्या सावलीतही चालतो.

कॉर्डिलाइनला नर्सऱ्यांत सगळे ड्रेसिनाच म्हणतात, तसं म्हणालात तरी आम्हाला समजेल. त्याला सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको. म्हणजे पूर्वेची गॅलरी. ‘साँग ऑफ इंडिया’लाही हीच जागा मानवते. नावात इंडिया असलं तरी हे झाड मादागास्कर, मॉरिशसकडचं आहे. पिवळ्या काठाची त्याची पानं वर्षभर तशीच तुकतुकीत राहतात, आणि घराच्या दारापाशी दोन बाजूंना दोन कुंड्या ठेवायच्या असतील तर आमची पहिली पसंती यालाच.

आता अग्लोनिमा. सध्या सगळ्यात जास्त मागणी याची. मूळ झाडं आग्नेय आशियातल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, हिरवी. थायलंड आणि इंडोनेशियातल्या बागाईतदारांनी वर्षानुवर्षं संकर करून त्यांतून ही गुलाबी आणि लाल पानं मिळवली. म्हणजे रंग नवा, स्वभाव जुनाच: उजेड भरपूर, थेट ऊन नाही. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर उत्तम.

उत्तरेच्या गॅलरीत अग्लोनिमा ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ‘आमच्याकडे ऊन येतच नाही’ हे ऑक्टोबर ते मार्च खरं असतं. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर एप्रिलपासूनच उन्हाची तिरीप उत्तरेच्या गॅलरीत शिरते. एरवी सावलीत वाढलेलं पान अशा उन्हात आठवड्याभरात भाजून पांढुरकं पडतं. एप्रिल लागला की कुंडी हातभर आत सरकवा.

कॅलेथियाबद्दल स्पष्टच सांगतो. पानांवरची नक्षी पाहून कुणालाही मोह होतो, रात्री पानं मिटून उभी राहतात तेही बघण्यासारखं. पण त्याला हवेत ओल लागते. मुंबईत, कोकणात, गोव्यात खुशाल न्या. पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगरकडे मार्च ते मे पानांच्या कडा जळतात. आमच्याकडेही शेडनेटखाली (सावलीसाठी बांधलेल्या जाळीखाली) दिवसातून तीनदा फवारे सुरू असतात तेव्हा कुठे ती टिकतात. घरी एवढं जमणार असेल तरच घ्या.

पांढरे पट्टे, हिरवी फांदी

पानाचा पांढरा भाग म्हणजे तिथे हरितद्रव्यच नाही. तेवढ्या भागात अन्न तयार होत नाही, म्हणून अशी झाडं सावकाश वाढतात आणि म्हणूनच महाग पडतात. कधी कधी अशा झाडाला एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमदार असते, बघून बरं वाटतं, पण लगेच बुडापासून कापा. नाहीतर वर्षभरात तीच झाडभर होते.

पहिला महिना

आमची झाडं शेडनेटखाली वाढलेली असतात. नेल्या दिवशीच गच्चीवरच्या उन्हात ठेवू नका. आठ-दहा दिवस सावलीत, मग रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या. जागा बदलली की क्रोटन खालची पाच-सहा पानं टाकतं. ते घाबरण्यासारखं नाही. घाबरून लोक पाणी वाढवतात आणि झाड जातं ते त्या पाण्यानं.

कुंडीही लगेच बदलू नका. दोन-तीन आठवड्यांनी, नवा कोंब दिसला की बदला. आत्ताच्या पिशवीपेक्षा दोन इंच मोठी पुरे. फार मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

माती आम्ही अशी करतो: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिकटून बसते, वाळली की भेगाळते.

पाणी

रोज एक तांब्या, असा नियम नको. बोट मातीत पेराएवढं खुपसा. कोरडं लागलं तर भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर आज नको. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

पाण्याची वेळ नाही, तर पाणीच चुकीचं वापरल्यामुळे बिघडलेली झाडंही बरीच येतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं, ते वाचवून झाडांना घालण्यामागचा हेतू चांगला असतो. पण गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. कॉर्डिलाइन आणि कॅलेथियाची टोकं त्यानं तपकिरी होतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर पावसाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा कुंड्या उघड्या पावसात ठेवा, मातीतले क्षार धुऊन निघतील. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं.

पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावू नका.

थंडी

नाशिक, निफाड, पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. क्रोटन तेव्हा पानं टाकतं, अग्लोनिमा तर पंधराच्या खालीच मलूल होतं. रात्री आत घ्या, पाणी निम्मं करा, खत बंद. कॅलेडियम नेलं असेल तर ते थंडीत पूर्ण बसतं, कुंडीत काहीच दिसत नाही. कुंडी फेकू नका. खाली कंद झोपलेला आहे, उन्हाळ्यात पुन्हा वर येईल.

किडी

देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. उन्हाळ्यात क्रोटनच्या पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. दोन्हींना लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही, आठवड्यातून एकदा असं तीन वेळा. कोळ्यासाठी त्याआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानं धुतलीत तर निम्मं काम होतं.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी

क्रोटनचा चीक हाताला झोंबतो आणि कपड्यावर डाग पाडतो. छाटताना हातमोजे घाला. अग्लोनिमा अळूच्या कुळातलं, त्यामुळे कच्च्या अळूसारखंच ते तोंडात गेलं तर खवखवतं, सुजही येते. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर घरात असेल तर आधी सांगा, आम्ही दुसरं काही सुचवू.

नवी रोपं करायची असतील

मृग बरसला की हात घाला. कॉर्डिलाइनच्या खोडाचे चार-चार बोटं तुकडे आडवे ठेवले तरी फुटतात. क्रोटनची गुटी कलमं, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं, जून-जुलैत बांधतो. गुरुवारी सकाळी नर्सरीत आलात तर बांधताना बघता येईल, विचारलंत तर शिकवूही.

झाडाचं काही बिघडलं तर फोनवर ‘पानं पिवळी पडली’ एवढ्यावरून नीट सांगता येत नाही. बिघडलेलं एक पान आणि एक चांगलं पान पिशवीत घालून आणा. शिवाय झाड ठेवलेल्या जागेचा दुपारी बारा वाजता काढलेला एक फोटो आणा. सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.