उजनीच्या होडीतला नांगर

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात जाळी सोडायला निघणाऱ्या होडीत आता मोबाईल असतोच. जाळ्याचं टोक कुठे सोडलं, चिलापी मासळी कुठे लागली, पाण्याखाली बाभळीची खुंटं कुठे उभी आहेत, हे सगळं नकाशावर खूण करून ठेवता येतं. त्यातूनच काठावर एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. जागा उपग्रह दाखवतोय, तर मग दहा-पंधरा किलोचा लोखंडी नांगर आणि दोराचं वेटोळं होडीत कशाला वागवायचं? प्रश्न विचारणारी पोरं आळशी नाहीत. लहान होडीत पंधरा किलो म्हणजे एक क्रेट मासळी कमी आणायची. पण या प्रश्नात जागा दाखवणं आणि होडी धरणं ही दोन निराळी कामं ‘नांगर’ या एकाच शब्दाला चिकटली आहेत, आणि ती कशी चिकटली हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

आधी तो शब्दच घेऊ. सोलापूर जिल्ह्यात नांगर म्हटलं की काळ्या रानातली नांगरट आठवते, बैलांची किंवा ट्रॅक्टरची. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याच शब्दाने बोट थांबवायचं लोखंड आठवतं. तिकडे बोट ‘नांगरून’ ठेवतात आणि इकडे शेत ‘नांगरून’ ठेवतात. क्रियापद एकच, पण एका ठिकाणी वस्तू थांबते तर दुसऱ्या ठिकाणी चालते. शेतीचा नांगर हा संस्कृतातल्या लाङ्गल शब्दावरून आला. ल आणि न यांची अदलाबदल मराठीला नवी नाही. नवनीताचं लोणी झालं, निंबूचा लिंबू झाला. बोटीच्या बाजूला फारसी-हिंदीतून आलेला लंगर आहे. गुरुद्वारातल्या लंगरचा शब्दही तोच, कारण फारसीत जहाजाचं लोखंड आणि अन्नछत्र दोन्हींना लंगर म्हणतात. माझा समज असा की लाङ्गल आणि लंगर हे दोन शब्द ल-न च्याच वाटेने येऊन मराठीत एका नांगरात मिसळले. आकारानेही त्यांना जवळ आणलं असणार, कारण दोघांचा फाळ मातीत शिरतो आणि दोघे मातीच्या विरोधावरच काम करतात. हे साम्य केवळ शब्दापुरतं नाही. १९३३ मध्ये एका ब्रिटिश गणितज्ञाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हलका नांगर तयार केला, तेव्हा त्याने सरळ शेतीच्या नांगराच्या फाळाचाच आकार घेतला. त्या जातीच्या नांगराला इंग्रजीतही नांगरट करणाऱ्या नांगराचंच नाव आहे. वजन कमी ठेवून पकड वाढवायची असेल तर मातीत घुसावं लागतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

खरी गुंतागुंत त्याच्या पुढची आहे. गेल्या पंधरा वर्षांत बोटीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींमध्ये एक सोय आली. बटण दाबलं की मोटार उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि वारा बोटीला ढकलू लागला की उलट जोर लावून तिला त्याच ठिकाणी धरते. विकणाऱ्यांनी तिला नांगराच्याच घरातली नावं दिली. दुसरीकडे मोबाईलवर ‘अँकर अलार्म’ नावाची ॲप मिळतात. ती बोट धरत नाहीत. टाकलेला नांगर सुटून बोट वाहू लागली तर ती फक्त ओरडतात, म्हणजे नांगर पाण्यात आहे हे ती गृहीतच धरतात. तिसरी गोष्ट साध्या नकाशावरच्या खुणेची, जिचं चिन्हही कित्येकदा नांगराचंच असतं. जागा धरणारं, जागा सुटली की सांगणारं आणि जागा नुसती दाखवणारं यंत्र अशी ही तीन वेगळी यंत्रं, आणि तिन्हींवर शब्द एकच. उजनीत दिसतं ते बहुतेक वेळा तिसरं, फार तर दुसरं. पहिल्याची किंमत आणि त्याला लागणारी बॅटरी इथल्या मासेमारीला परवडणारी नाही. तरीही ‘आता इलेक्ट्रॉनिक नांगर आलाय’ हे वाक्य तिसऱ्या यंत्राच्या भरवशावर बोललं जातं. मला चिंता वाटते ती याची.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. द्वारका आणि विजयदुर्गच्या समुद्रतळाशी दगडी नांगर सापडले आहेत, भोकं पाडून घडवलेले. पण ती परंपरा समुद्राची. भीमेच्या काठी भोई आणि कोळी यांना नांगराची फारशी गरजच नव्हती. नदीचं पात्र ते केवढं! होडी काठावरच्या खुंटाला किंवा झाडाला बांधायची. पंढरपूरला चंद्रभागेतल्या होड्या आजही काठालाच लागतात. भोपळ्यांच्या सांगडीवर बसून जाळं टाकणारा तर हातानेच काठ गाठायचा. म्हणून होडीतल्या नांगराला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो तेव्हा इथल्या बाबतीत ते अर्धंच खरं असतं. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, भीमा पसरली, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली रानं आणि गावठाणं पाण्याखाली गेली, आणि ज्यांनी आयुष्यभर नदी पाहिली होती त्यांच्यापुढे एकाएकी समुद्रासारखं उघडं पाणी आलं. काठ लांब गेला, खुंट राहिला नाही, मैलोन् मैल आडवा वारा आला. तेव्हा कुठे दोराला दगड बांधून होडी थांबवणं इथल्या धंद्याचा भाग झालं. त्यामागून लोखंडाचे चार नख्यांचे नांगर आले, विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखे दिसणारे. म्हणजे आपली परंपरा जेमतेम पंचेचाळीस वर्षांची. ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर इथल्या पाण्याने ती करायला लावली म्हणून तिला मान द्यायला हवा.

उपग्रहाची गोष्ट जवळपास त्याच वयाची. अमेरिकेच्या जीपीएस या यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत भरकटून पाडलं गेलं, त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा झाली. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. पण नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटरपर्यंत. ती चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि खऱ्या अर्थाने ही वस्तू मासेमाराच्या कामाची झाली. भारताच्या स्वतःच्या सात उपग्रहांच्या मालिकेतला पहिला २०१३ मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये सोडला गेला. तेव्हाच तिला नाविक हे नाव मिळालं. समुद्रावर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर बोटींची नोंदणी आणि ओळख हा सुरक्षेचा प्रश्न बनला. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख मासेमारी बोटींना ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली. या सगळ्या प्रवासात यंत्राने कशाचं उत्तर दिलं? मी कुठे आहे, आणि दुसऱ्याला मी कुठे दिसतो. बोट थांबवण्याचं काम या यंत्रणेने स्वतः कधीच अंगावर घेतलं नव्हतं.

थांबवण्याचं काम यंत्राकडे गेलं ते वेगळ्याच कारणाने. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ समुद्रतळ खोदायला एक जहाज नेलं, तिथे पाणी साडेतीन किलोमीटर खोल होतं. नांगर पोचणारच नव्हता. मग चारी बाजूंना प्रोपेलर लावून, सभोवती तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांवर नजर ठेवून जहाज जागेवर धरलं. आजच्या ‘जागा धरणाऱ्या’ मोटारीची ही आजी. म्हणजे यंत्राने नांगराची जागा घेतली ती नांगर जिथे चालत नव्हता तिथे. आणि इंजिन बंद पडलं की तेही बंद पडतं.

आता उजनीचं सांगतो. मोबाईलची जागा उघड्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरच्या फरकाने बरोबर येते. वाटेला हे पुरेसं आहे. पण जुन्या वाड्याची भिंत किंवा विहिरीचा काठ टाळायचा असेल तर पाच मीटर फार झाले. त्याहून मोठी अडचण पाण्याच्या उंचीची आहे. नकाशावरची खूण म्हणजे दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. तिसरा आकडा खोलीचा, आणि उजनीत तो महिन्यागणिक बदलतो. धरण भरलेलं असताना आणि मृतसाठ्याच्या पातळीला असताना पाण्यात सुमारे सहा मीटरचा फरक असतो. आपलं धरण तिथेही थांबत नाही, वापराचं पाणी संपल्यावर मृतसाठ्यालाही हात लागतो. ‘मायनसमध्ये गेलं’ हे शब्द सोलापूरकरांच्या तोंडी दर उन्हाळ्यात असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरला. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं ते अशाच वर्षांत. ऑक्टोबरात खूण केलेल्या, दहा मीटर पाण्याच्या जागेवर मे महिन्यात उभं राहून चालता येईल. मोबाईलमधली खूण मात्र जशीच्या तशी असते. नांगराचा दोर ओला करून वर घेतला की खोली कळते. दोरावर वावावाला, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतरावर, गाठ मारण्याची रीत म्हणूनच सोडू नये.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव-कळाशीच्या दरम्यान वाऱ्याच्या झोतात प्रवासी होडी उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटचा आग्रह सुरू झाला, तो शंभर टक्के योग्य आहे. नांगर असता तर ती होडी वाचली असती, असं कुणी म्हणू नये. झोत अंगावर आल्यावर नांगर टाकायला उसंतच मिळत नाही. पण वळवाच्या दिवसांत इंजिन बंद पडलं, वल्हं मोडलं आणि होडी आडवी होऊन वाहू लागली, तर तिचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवणारी एकच वस्तू होडीत असते. होडीला लाट बाजूने लागणं आणि तोंडावर लागणं यात जिवाचा फरक आहे. त्या मे महिन्यानंतरच्या चर्चेत हे मागे पडलं, याचं मला वाईट वाटतं.

नियमांनी या गोंधळात भर घातली आहे. समुद्रातल्या मासेमारीला राज्याचा १९८१ चा कायदा लागू होतो, धरणाच्या पाण्याला नाही. देशांतर्गत पाण्यासाठी १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला. त्याचा भर यंत्रावर चालणाऱ्या नौकांवर आहे, बिनयंत्राच्या होड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे सकाळी वल्ह्याची असलेली होडी दुपारी मागे मोटार लावून निघते. ती कुठल्या यादीत बसते आणि तिच्यात काय काय असायला हवं, हे काठावरच्या माणसाला कायद्याच्या भाषेतून उमगत नाही.

दगड ठेवावा की लोखंड, हेही जाता जाता. आपल्या काळ्या दगडाचं वजन पाण्यात जवळजवळ एक तृतीयांश कमी होतं. पंधरा किलोचा दगड तळाशी दहाच किलोचा राहतो, आणि धरतो तो केवळ वजनावर. लोखंड आठव्या हिश्शाएवढंच हलकं होतं, शिवाय नख्या मातीत शिरतात. त्यासाठी दोर मात्र लांब हवा, खोलीच्या पाचपट, वारा असेल तर सातपट, आणि नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी, म्हणजे ओढ आडवी राहते. आखूड दोरावर चांगला नांगरही वर उचलला जातो आणि मग माणसं म्हणतात, नांगराचा उपयोग नाही. मऊ गाळात रुंद फाळाचा नांगर बरा, तो बुडालेल्या काळ्या रानात चांगला रुततो. जिथे बाभळीची खुंटं आणि पडक्या भिंती आहेत तिथे चार नख्यांचा चालतो, पण अडकतो. अडकल्यावर दोर कापून नांगर सोडून द्यावा लागतो, आणि कित्येकांनी नांगर ठेवणं बंद केलं ते या नुकसानीमुळेच, मोबाईल आला म्हणून नव्हे. यावरचा उपाय किनाऱ्यावर सर्रास वापरतात. मुख्य दोर नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खाली नख्यांच्या बुडाशी बांधायचा, आणि कडीपाशी तो नुसत्या सुतळीने अडकवून घ्यायचा. रोजच्या ओढीला सुतळी टिकते. नांगर खुंटात अडकला तर होडी बरोबर वर नेऊन दोराला जोराचा हिसका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा होऊन निघून येतो.