मायलेकींचा एकत्र व्यायाम: अमेरिकेतील लॅटिना मुलींसाठीच्या उपक्रमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत आठ ते बारा वर्षांच्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुली आणि त्यांच्या आया यांना एकत्र व्यायामाला आणणारे उपक्रम मुख्यतः या शतकातले आहेत. त्याआधी या मुलींची वेगळी मोजदादच फारशी झाली नव्हती.

1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींना खेळाची समान संधी मिळाली. तेव्हा हायस्कूलच्या संघांत सुमारे 3 लाख मुली खेळत होत्या, आज 30 लाखांहून अधिक खेळतात. पण संध्याकाळी सरावानंतर मुलीला घरी कोण आणणार, ती मैदानावर असताना धाकट्या भावंडांकडे कोण बघणार, हे प्रश्न कायद्याच्या आवाक्याबाहेरचे होते. कष्टकरी लॅटिनो घरांत घोडे नेमके तिथेच अडते.

हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, लोकांचे पहिले मोठे आरोग्य सर्वेक्षण 1982 ते 84 मध्ये झाले. मात्र 1987 मध्ये सुरू झालेल्या, मुलींच्या वाढीवरच्या एका मोठ्या अभ्यासात 9–10 वर्षांच्या 2,379 मुली होत्या, त्या फक्त कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत त्यांतल्या अनुक्रमे 56 आणि 31 टक्के मुलींचा फावल्या वेळातला नियमित व्यायाम पूर्ण थांबला होता, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. ही घसरण वयात येण्याच्या सुमारास सुरू होते हे त्यातून कळले. लॅटिना मुलींचे काय, हे मात्र कळले नाही. मेक्सिकन-अमेरिकन मुलींना पाळी सरासरी सव्वाबाराव्या वर्षी येते, श्वेतवर्णीय मुलींपेक्षा थोडी आधी. म्हणजे ही घसरण रोखण्यासाठी त्यांच्या बाबतीत हाताशी असलेला काळ आणखी कमी. सरकारी निधीच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक हवेतच, असा कायदा 1993 मध्ये झाला. तो आधी व्हायला हवा होता.

पुढची भिस्त जाहिराती आणि शाळांवर राहिली. 2002 ते 2006 या काळात ‘व्हर्ब’ ही सरकारी प्रचारमोहीम खास 9 ते 13 वयोगटासाठी चालली. तिच्यात स्पॅनिशभाषकांसाठी वेगळा भाग होता. ‘टॅग’ या 36 माध्यमिक शाळांतल्या प्रयोगात तीन वर्षांच्या मेहनतीनंतर मुलींच्या व्यायामात दिवसाकाठी जेमतेम दीड-दोन मिनिटांची वाढ दिसली. शाळेत पेरलेले घरी उगवत नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. ह्यूस्टन विद्यापीठात नोर्मा ओल्वेरा यांनी ‘बाउन्स’ हा उपक्रम थेट मायलेकींच्या जोड्यांसाठी आखला: 12 आठवडे व्यायाम, आहार आणि समुपदेशन.

अशा उपक्रमांत नाच हमखास असतो, कारण आईला तो परका वाटत नाही. पण नाचाच्या वर्गातला सगळा वेळ व्यायामाचा नसतो. सॅन दिएगोतल्या वर्गांत मुलींना कंबरेला हालचाल-मापक बांधून पाहिले, तेव्हा धाप लागेल अशी हालचाल एका वर्गात सरासरी 17 मिनिटेच भरली, म्हणजे वेळेच्या सुमारे 36 टक्के. हिप-हॉपमध्ये ती सर्वाधिक होती, फ्लामेंको या स्पॅनिश नाचात सर्वांत कमी. उरलेला वेळ पावले समजून घेण्यात आणि आपला नंबर येण्याची वाट पाहत उभे राहण्यात जातो. म्हणून रांगा लावू नयेत. नवीन पावले दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत शिकवावीत, आणि सूचना चालू असतानाही पाय जागच्या जागी हलते ठेवावेत.

शिफारस मुलींसाठी रोज 60 मिनिटांची आहे आणि आईसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांची. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या तासाने हा आकडा गाठता येणार नाही, म्हणून जोडीने चालणे लागते. पहिल्या आठवड्यात दोघींनी पावलेमापक लावून नुसती नोंद ठेवावी. मग दर आठवड्याला रोजच्या सरासरीत 500 पावले वाढवावीत. सरसकट 10,000 चे लक्ष्य दिले की साफसफाईच्या कामावर दिवसभर चालती-फिरती असणारी आई ते सहज गाठते आणि मुलगी मागे पडते, म्हणून लक्ष्य दोघींचे वेगळे ठेवावे.

गळती लागते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात: कामाची पाळी बदलते, गाडी मिळत नाही, अंधार लवकर पडतो. नोंदणीच्या वेळीच आईच्या कामाच्या पाळ्या विचाराव्यात, त्याच इमारतीत लहान मुलांना सांभाळण्याची सोय करावी आणि चुकलेल्या तासासाठी शनिवार सकाळ राखून ठेवावी.