लोणारला एसटीनं जाताना : आमच्या खानावळीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

डबा बांधून घेताना काउंटरवर रोज तेच पाच-सहा प्रश्न येतात. मागं माणसं खोळंबलेली असतात, गाडी फलाटाला लागलेली असते आणि तव्यावर भाकर असते. निम्मं उत्तर देऊन आम्ही चुलीकडं पळतो, आणि निम्म्या उत्तरावर निघालेला माणूस संध्याकाळी तोंड पाडून परत येतो. म्हणून हा कागद छापला. मेहकर स्टँडवर उतरून लोणारचं विवर, म्हणजे उल्का पडून झालेला खड्डा, आणि त्यातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर बघून त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांसाठी तो आहे. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांनी नुसता डबा न्यावा.

परतीची गाडी आधी

सकाळी जायच्या गाडीची काळजी सगळेच करतात. ती गाडी चुकली तर दुसरी मिळते, फार तर तासभर जातो. खरी काळजी करायची ती संध्याकाळची. लोणारहून मेहकरकडं शेवटची गाडी कधी आणि मेहकरहून तुमच्या गावाकडं शेवटची गाडी कधी, या दोन वेळा आधी कागदावर लिहा. मग तिथून मागं मागं मोजत या: स्टँडवर अर्धा तास आधी, त्याआधी विवरातून वर यायला तास, त्याआधी जेवण. असं मोजत आलात की सकाळी किती वाजता निघायचं ते आपोआप कळतं. बहुतेकांचा हिशेब उलटा असतो. सकाळी आरामात चहा-पोहे, मग वाजतील तितके वाजोत.

आम्हीही हे शिकलो ते चुकूनच. खानावळ नवी होती तेव्हा एका रविवारी घरची सात माणसं घेऊन लोणारला गेलो. खाली सरोवराकाठच्या कमळजा देवीपाशी पोरं रमली, वर यायला दिवेलागण झाली. स्टँडवर एक कुत्रं आणि पेपर वाचणारे एक आजोबा. आजोबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गेली ना भाऊ गाडी. आता सकाळी." शेवटी कांद्याचा एक छोटा हत्ती मेहकरला येत होता, त्यात पोत्यांवर बसून आलो. आजही आमच्या आईला कांद्याच्या वासानं लोणार आठवतं.

या कागदावर गाड्यांच्या वेळा मुद्दाम छापलेल्या नाहीत. त्या बदलतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की खेड्यांच्या फेऱ्या कमी होतात, आषाढीला गाड्या पंढरपूरकडं वळतात, लग्नसराईत करारावर जातात. मोबाइलवर दिसणारी वेळ कोणत्या सालची आहे याचाही नेम नसतो. रोज सकाळी स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारून आम्ही दुकानाबाहेरच्या फळीवर खडूनं वेळा लिहितो, त्या बघा. लोणारला उतरल्या उतरल्या तिथल्या कंट्रोलरलाही एकदा विचारा. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर त्याचं खरं माना.

मेहकरपर्यंत

बुलडाण्याहून येणारे चिखलीमार्गे येतात, शेगावचे खामगावमार्गे. दर्शन करून थेट लोणार गाठायचं असेल तर शेगावला मुक्काम करून पहाटे निघा, दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका. नागपूरकरांनी रातराणी धरावी. तिकीट काढताना एवढं मात्र विचारा की गाडी मेहकर स्टँडला येते का. समृद्धी महामार्गावरून जाणारी गाडी गावात शिरेलच असं नाही, आणि भल्या पहाटे महामार्गाच्या कडेला बॅगा घेऊन उभं राहण्यात काही मजा नाही.

रेल्वेनं येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की लोणारला रेल्वे नाही. मराठवाड्याकडून येणाऱ्यांना जालना स्टेशन सोयीचं. तिथून एसटीनं सिंदखेड राजाकडून येता येतं. जिजाऊंचं जन्मगाव वाटेतच आहे, पण 12 जानेवारीच्या आसपास त्या रस्त्यानं निघू नका. जिजाऊ जयंतीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. दर्शनालाच निघाला असाल तर गोष्ट वेगळी.

लोणारची गाडी आणि सुलतानपूर

मेहकर ते लोणार अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. साधी गाडी थांबत थांबत जाते, तेव्हा तास धरून चाला. थेट गाडी चुकली तर फलाटावर बसून राहू नका. सिंदखेड राजा, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरकडं जाणाऱ्या कोणत्याही साध्या गाडीत बसा आणि सुलतानपूरला उतरा. लोणारचा फाटा तिथंच आहे, पुढं बारा-तेरा किलोमीटर. फाट्यावरून दुसरी एसटी मिळते, नाहीतर काळी-पिवळी. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि "भरली" या शब्दाचा अर्थ ड्रायव्हरचा आणि आपला एक नसतो.

शाळा सुटायच्या वेळेला परतीच्या गाडीत जागेची आशा धरू नका. म्हातारी माणसं बरोबर असतील तर ती वेळ टाळाच.

तिकिटाचं थोडक्यात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, 2023 च्या मार्चपासून. 65 ते 75 वयाला अर्धं, 75 च्या पुढं फुकट, पण आधार कार्ड जवळ हवं. वय चेहऱ्यावर दिसतं म्हणून कंडक्टर तिकीट माफ करत नाही, आमच्या एका आजींनी ते करून बघितलंय. 5 ते 12 वर्षांच्या लेकरांना अर्धं. मोबाइलनं पैसे देता येतात, पण रेंजचा भरवसा नाही, तेव्हा सुट्टे ठेवा.

उतरल्यावर

स्टँडवरून बहुतेक लोक थेट विवराच्या काठावर जातात, फोटो काढतात आणि "झालं" म्हणून माघारी फिरतात. तासाभरात लोणार आटोपलेले ग्राहक आम्ही बघितलेत. त्यांचं तिकीट वाया गेलं असं आमचं स्पष्ट मत.

आधी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ बघा. सकाळच्या वेळी तिथं गर्दी नसते. विष्णूचं देऊळ, पाया ताऱ्याच्या आकाराचा, बाहेरच्या भिंतींवर डोळे ठरत नाहीत इतकं कोरीवकाम. आत छतावरही शिल्पं आहेत, पण अंधार असतो. मोबाइलची बॅटरी लावा आणि मान मोडेपर्यंत वर बघा. लवणासुर इथं जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, अशी कथा. झाकण उडाल्यावर राहिलेला खड्डा म्हणजे हे सरोवर आणि दैत्याचं रक्त म्हणजे त्यातलं पाणी. लवण म्हणजे मीठ. पाणी खारं आहे हे कथा रचणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

शास्त्रज्ञांचं म्हणणंही वरून काहीतरी आलं असंच आहे, फक्त अंगठ्याऐवजी उल्का. आपल्या काळ्या बसाल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा वाटोळा खड्डा पडला. बसाल्टातलं इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर विरळच. चंद्रावरची बरीच विवरंही अशाच खडकातली, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही इथं येतात. हे कधी घडलं? पूर्वी पन्नासेक हजार वर्षं सांगत. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तेव्हा सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघाली. वाटाड्यानं तुम्हाला जुना आकडा सांगितला तर वाद घालू नका, पाट्यांवरही तोच असतो.

देवळातून धारेवर या. गोमुखातून बारा महिने गोड पाणी पडतं. काठाची गंमत इथंच कळते. वर गोड पाण्याची धार, आणि पाचशे पावलं खाली उतरलं की तोंडात धरवणार नाही असं पाणी. सरोवराला पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. आलेलं पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार तळाला राहतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पूर्वी हे क्षार काढून विकत, पापडी, दल्ला, खुप्पल अशी त्यांची नावं होती. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतही इथल्या क्षारांचा उल्लेख आहे, साबण आणि काच करायला उपयोगी म्हणून.

काठापासून पाण्यापर्यंत उंचीचा फरक सुमारे 137 मीटर. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजले जिन्यानं उतरायचे आणि तेवढेच चढायचे. उतरताना अर्धा तास लागतो आणि कुणालाच काही वाटत नाही. चढताना मात्र पाऊण तास ते एक तास धरा. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली उतरू नये. वर धारेपाशी सावलीत बसावं, तिथंही दिवस छान जातो. चपला घसरत्या नकोत. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मे महिन्यात खालची हवा कढईसारखी तापते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम, तेव्हा पाण्यावर बाहेरून आलेले पक्षीही असतात. मोर तर बाराही महिने ओरडतात.

आतला भाग 2000 सालापासून अभयारण्य आहे. वनखात्याचं तिकीट काढावं लागतं आणि संध्याकाळी आत थांबू देत नाहीत. आत हेमाडपंती देवळं विखुरली आहेत, काही झाडांनी गिळलेली. पाण्याकाठी कमळजा देवीचं देऊळ, नवरात्रात तिथं यात्रा भरते. एकट्यादुकट्यानं पायवाट सोडून फिरू नका. स्थानिक वाटाड्या घेतला तर पैसे फुकट जात नाहीत.

"पाणी गुलाबी कुठंय?"

हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोनदा येतो, कधी कधी तक्रारीच्या सुरात, जणू रंग आम्हीच बदलला. जून 2020 मध्ये सरोवर खरंच गुलाबी झालं होतं. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात जगणारे, गुलाबी रंग तयार करणारे सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. पुढं पाऊस आला, रंग गेला. एरवी पाणी हिरवट असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ जागेचा मान मिळाला (रामसर म्हणजे पाणथळ जागा जपायचा आंतरराष्ट्रीय करार), महाराष्ट्रातलं नांदूर मधमेश्वरनंतरचं दुसरं ठिकाण. फोटो बघून गुलाबी पाण्यासाठी येत असाल तर येऊ नका. हिरव्या पाण्यासाठी या.

डब्यातली हळदीची पुडी

आमच्या लोणारच्या डब्यात भाकर, झुणका, ठेचा, कांदा आणि वर कागदाची एक छोटी पुडी असते. लोक ती मीठ समजून झुणक्यावर टाकतात. ती हळद आहे, खायची नाही. वाटाड्या पाण्याजवळ नेईल तेव्हा चिमूटभर हळद तळहातावर घ्या आणि सरोवराच्या पाण्याचा एक थेंब तीवर टाका. पिवळी हळद डोळ्यांसमोर कुंकवासारखी लाल होते. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तसंच. घरी हळदीत चुना घालून कुंकू करायच्या तेही याच गुणावर. पाणी किती अल्कधर्मी आहे हे पोरांना सांगायला आणखी काही लागत नाही. नंतर हात गोड्या पाण्यानं धुवा आणि मगच भाकर मोडा. अंघोळ, कपडे धुणं, बाटलीत पाणी भरून नेणं यातलं काही करू नका.

जेवायचं मात्र वर, काठावर आल्यावर. खाली डबा उघडलात की माकडं हजर. एक माकड आमच्या ग्राहकाच्या हातातून ठेचा घेऊन झाडावर गेलं होतं. पुढं काय झालं ते त्या माकडालाच ठाऊक, पण दिवसभर त्यानं दुसऱ्या कुणाच्या डब्याला हात लावला नाही म्हणतात.

डबा आणि सामान

डबा आदल्या रात्री नऊपर्यंत सांगा, सकाळी पहिल्या गाडीच्या आधी तयार मिळेल. बाजरीची भाकर फक्त थंडीत, एरवी ज्वारीची. उपवासाचं वेगळं सांगावं लागतं, ऐनवेळी भगर होत नाही. मोठ्या बॅगा दुकानात ठेवा, डबा घेणाऱ्यांकडून त्याचे पैसे घेत नाही. पाण्याची बाटली घरून आणा, भरून आम्ही देतो. लेकरामागं एक आणि मोठ्यामागं दोन लिटर तरी हवं.

डबे स्टीलचे आहेत, प्लास्टिकच्या पिशव्या आम्ही देत नाही. संध्याकाळी मेहकरला उतरलात की डबा आणून द्या. दुकान बंद असेल तर शेजारच्या पानटपरीवर ठेवला तरी चालेल. झाकण तेवढं आठवणीनं आणा. आत्ता आमच्याकडं अकरा डबे बिनझाकणाचे पडलेत, आणि त्यांची झाकणं कुठं उडाली ते कोणत्याच कथेत सापडत नाही.