भाकरी, शेंगाचटणी आणि दुपारची साखर

सोलापुरात सकाळी कुठल्याही चौकातल्या गाडीवर उप्पीट, पोहे, इडली-वडा, गरम भजी असं सगळं मिळतं. साडेसातला प्लेटभर पोहे आणि कटिंग घेऊन गेलेला माणूस दहा-साडेदहाला पुन्हा तिथेच भज्यांची वाट बघत उभा असतो.

न्याहारी चुकली की मेंदू ठप्प होतो, असं लहानपणापासून ऐकवलं जातं. तितकं काही होत नाही. मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतात शंभरेक ग्रॅम साठा असतो. रात्रीत तो बराच उतरतो, पण यकृत नवीन ग्लुकोजही तयार करत राहतं. वजनाचंही तेच. ‘न्याहारी करा, बारीक व्हा’ या सल्ल्याला फारसा आधार नाही. 2019 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 13 चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. त्यात न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसाकाठी सरासरी 260 कॅलरी जास्तच गेल्या होत्या.

मग फायदा कुठे आहे? माझ्या मते तो दुपारच्या ताटात बघावा.

1982 मध्ये टोरोंटोत डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एकदा सकाळी मसूर दिला आणि एकदा गव्हाचा ब्रेड. दुपारचं जेवण दोन्ही वेळा सारखंच. तरी मसूर खाल्लेल्या दिवशी जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढली. म्हणजे सकाळचा घास चार तासांनंतरच्या जेवणावर परिणाम करून गेला. सकाळचं अन्न सावकाश पचलं की इन्सुलिन हळूहळू आणि जास्त वेळ स्रवत राहतं. त्यामुळे रक्तात सुटणारी स्निग्धाम्लं दबलेली राहतात. ती कमी असली की दुपारी स्नायू साखर चटकन उचलून घेतात. पोहे-चहा लवकर पचून जातात, तेव्हा दुपारपर्यंत हा परिणाम फारसा उरत नाही.

सोलापूरकरांना सावकाश पचणारं अन्न शोधायला लांब जावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाकरी त्याच्या कितीतरी आधीपासून इथली. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम तंतू आणि जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. शिवाय ज्वारीच्या दाण्यात स्टार्चभोवती प्रथिनांचं असं वेष्टण असतं की पाचकरसांना तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.

जोडीला शेंगाचटणी. दाणे भाजून, लसूण-जिरं-तिखट-मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. तेल सुटणं म्हणजे दाण्यातल्या पेशींच्या भिंती फुटणं. अख्खे दाणे खाल्ले तर दातांतून निसटलेल्या कणांत बरंचसं तेल अडकून राहतं आणि तसंच बाहेर पडतं. कुटल्यावर ते पचायला मोकळं होतं. तेल आणि प्रथिनं दोन्ही जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. मधुमेहाचा धोका असलेल्या स्थूल स्त्रियांवर 2013 मध्ये छापलेल्या एका चाचणीत न्याहारीसोबत शेंगदाण्याचं बटर दिलं होतं, तेव्हाही साखर कमी चढलेली दिसली. अर्थात दाण्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त तेल, तेव्हा चटणी चमचा-दोन चमचे, वाटीने नव्हे.

दही विसरू नका. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, शेंगदाण्यातही बेताचंच. दुधादह्यात ते भरपूर असतं. कडक भाकरी दह्यात चुरून खाणाऱ्यांनी हा हिशेब न मांडताच बरोबर सोडवला आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र न्याहारी बदलण्याआधी किंवा टाळण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर साखर एकदम खाली यायची.

आणि चहा? त्यातली टॅनिनं धान्यातलं लोह अंगी लागू देत नाहीत, म्हणून भाकरीनंतर तासभर थांबून घ्यावा. सोलापुरात तेवढ्या वेळात ‘चल, चहा घेऊ’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच.