घराच्या मीटरवरून आवारातील शेडला वीज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो ती ठिकाणे

मखमलाबाद, आडगाव किंवा दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांत घराशेजारी गोठा, ट्रॅक्टरची शेड किंवा औषध-अवजारांची खोली असतेच, आणि तिथे दिवा-पंखा हवा म्हणून घराच्या बोर्डातून वायर ओढली जाते. जे हे काम रीतसर करायला जातात, त्यांचे अर्ज वायरीमुळे नव्हे तर कागदांमुळे परत येतात; म्हणून येथे कागदांवरच अधिक लिहिले आहे.

प्रथम अर्जाची गरज आहे का, ते पाहावे. शेड त्याच आवारात असेल, वापर घरगुतीच राहणार असेल आणि एकूण भार वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराच्या आत बसत असेल, तर नवी जोडणी लागत नाही. मीटरपलीकडची ती अंतर्गत वायरिंग ठरते. शेडमध्ये पाण्याची मोटर किंवा कडबाकुट्टी बसवल्याने भार वाढणार असेल, तर भारवाढीचा अर्ज करावा लागतो. तो महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकून करता येतो, आणि त्यात फारसे कोणी अडत नाही.

खरी अडचण ‘तेच आवार’ आणि ‘तोच वापर’ या दोन अटींत आहे. मधून सार्वजनिक रस्ता गेला असेल किंवा शेड दुसऱ्या मालकाच्या गटात असेल, तर ती जागा कुटुंबाच्या दृष्टीने कितीही घरची असली तरी वीजजोडणीच्या दृष्टीने वेगळी आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार मंजूर कारणाव्यतिरिक्त किंवा मंजूर जागेव्यतिरिक्त केलेला वापर अनधिकृत धरला जातो, आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि असा वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आले नाही, तर ती तपासणीपूर्वीच्या 12 महिन्यांची केली जाते. मीटरमधून वीज घेतो, बिल भरतो, मग दोष कोणता, असा प्रश्न अनेक जण कळकळीने विचारतात. पण या कलमाचा बिल भरण्याशी संबंध नाही. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल तर महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटांपर्यंत घरगुती दराची सवलत वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात आहे, मात्र ती स्वतंत्र शेडमधल्या गिरणीला किंवा भाड्याने दिलेल्या खोलीला लागू आहे असे गृहीत धरू नये. अशा वापरासाठी स्वतंत्र जोडणीच मागावी.

आता कागद. भारवाढ असो वा नवी जोडणी, ओळखपत्र, चालू बिल आणि जागेच्या मालकीचा अथवा ताब्याचा पुरावा लागतो. सर्वाधिक अर्ज अडतात ते बिलावर आजोबांचे किंवा वडिलांचे नाव तसेच राहिल्यामुळे. मयत व्यक्तीच्या नावावर भारवाढ मागता येत नाही, म्हणून आधी नावबदल करावा लागतो आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा व इतर वारसांची ना हरकत लागते. वारसाची फेरफार नोंद अजून झालीच नसेल, तर तिथे हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेवढा वेळ आधीच हिशेबात धरावा. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर एकाची सही पुरत नाही. पुण्याला किंवा मुंबईला राहणाऱ्या भावाची संमती दिवाळी-सुट्टीत घरी आल्यावरच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा नडणारा कागद म्हणजे शेडची नोंद. गावठाणात सातबारा नसतो, तिथे मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चालतो. पण उतारा हातात घेऊन मिळकतीच्या वर्णनाचा रकाना वाचला तर बहुतेक वेळा तिथे फक्त घर आढळते, शेड नसते. शेडसाठी स्वतंत्र जोडणी मागणाऱ्याने ती नोंद आधी करून घ्यावी. एवढी एक ओळ अर्जाच्या यादीत ठळक लिहिली असती, तर कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचले असते. ती लिहिली जात नाही आणि त्रुटी मात्र शेवटी काढली जाते, हे योग्य नाही.

परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल हा तिसरा मुद्दा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगमध्ये केलेली कोणतीही वाढ परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचा नियम आहे. गावातला वायरमन हाताने कुशल असला तरी अहवालावर त्याची सही चालत नाही, आणि काम झाल्यावर नुसती सही द्यायला सांगितले तर चांगला ठेकेदार नकार देतो, जो रास्तही आहे. म्हणून त्याला काम सुरू होण्यापूर्वीच बोलवावे.

कामाबद्दल थोडेच सांगतो. जमिनीखालून आर्मर्ड केबल (धातूचे संरक्षक कवच असलेली) साधारण 75 सेंटिमीटर खोल टाकावी, शेडला स्वतंत्र मेन स्विच, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग द्यावे. न्यूट्रल आणि अर्थ शेडमध्ये एकमेकांना जोडू नयेत. ओल्या गोठ्यात दाराच्या फटीतून आत घेतलेली एक्स्टेंशनची वायर जनावराच्या खुराखाली सोलली जाते, आणि मग पत्र्यात उतरलेला करंट कोणाला लागेल याचा नेम नसतो. एवढ्या बाबतीत काटकसर करू नका.

शेवटी मुदती. अर्जावर महावितरण जे शुल्काचे मागणीपत्र देते, त्यावर छापलेल्या तारखेच्या आत रक्कम भरावी. कलम 126 ची तात्पुरती आकारणी हातात पडली, तर त्यानंतरचे 7 दिवस आकारणी मान्य करून रक्कम भरण्यासाठी आहेत. ती मान्य नसल्यास हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, कारण अंतिम आदेश तात्पुरती आकारणी मिळाल्यापासून 30 दिवसांत व्हावयाचा असतो. पुष्कळ जण 7 दिवस उलटले म्हणून गप्प बसतात आणि हरकतीची संधी घालवतात. अंतिम आदेशाविरुद्ध 30 दिवसांत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते, मात्र त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ग्राहक तक्रार निवारण मंच कलम 126 ची प्रकरणे ऐकत नाही, त्यामुळे तिथे अर्ज देऊन वाट पाहत बसल्यास अपिलाची मुदत हातची जाते.